नवे मराठी रॅपगीत आणि अभिप्रायाचे निकष

मराठीतील एखादे नवे रॅपगीत किंवा लोकप्रिय गीत प्रसिद्ध झाले की त्याविषयीचे अभिप्राय तत्काळ व्यक्त होऊ लागतात. त्यांतील प्रतिकूल अभिप्राय स्थूलमानाने तीन आक्षेपांत सामावतात : हे गाणे नव्हे, केवळ बोलणे होय, याची भाषा अशुद्ध आहे, आणि हा प्रकार परका आहे. अनुकूल अभिप्राय ही बहुधा याच आक्षेपांची उलटी बाजू असते. बोलल्यासारखे म्हणून सच्चे, रांगडे म्हणून अस्सल, जगात चालते म्हणून आधुनिक, असा त्यांचा सूर असतो. रचनेचे परीक्षण मात्र दोन्ही पक्षांत क्वचितच आढळते. मराठी छंदःशास्त्र व बोलीविज्ञान यांच्या साहाय्याने हे परीक्षण कसे करता येईल, याचा येथे विचार केला आहे.

प्रथम संज्ञेचा अर्थ स्पष्ट करणे इष्ट होय. रॅप म्हणजे स्वरांच्या आरोहावरोहापेक्षा उच्चाराच्या लयीवर भर देऊन ठरावीक तालावर म्हटलेली सयमक रचना. ज्या व्यापक चळवळीचा ती भाग आहे त्या हिपहॉपचा उगम न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. ११ ऑगस्ट १९७३ हा तिचा प्रारंभदिन मानला जातो. भारतात डिव्हाइन व नेझी यांच्या २०१५ मधील 'मेरे गली में' या गीताने आणि २०१९ च्या 'गली बॉय' या चित्रपटाने हा प्रकार सर्वतोमुखी केला. मराठीत मुंबईच्या 'स्वदेसी' या समूहाने तो सामाजिक आशयासाठी वापरला. त्या समूहातील सौरभ अभ्यंकर ऊर्फ '१०० आरबीएच' हा अमरावतीचा. त्याच्यामुळे वऱ्हाडचे वळण या प्रकारात ऐकू येऊ लागले.

पहिला आक्षेप गेयतेचा. माधवराव पटवर्धन यांनी 'छंदोरचना' या ग्रंथात मराठी पद्याचे वृत्त, जाती व छंद असे तीन वर्ग केले. जातिरचनेत पद्याचे एकक म्हणजे तालाचे आवर्तन. आठ मात्रांचे आवर्तन ते पद्मावर्तन. रॅपच्या एका चरणात सामान्यतः चार ठोके असतात व प्रत्येक ठोक्याचे चार भाग पडतात. एकूण भाग सोळा, म्हणजे बरोबर दोन पद्मावर्तने. तेव्हा तालाच्या दृष्टीने रॅपची चौकट मराठी कानाला मुळीच नवी नाही. भेद आहे तो अक्षरांच्या वजनात. जातिरचनेत लघूची एक व गुरूची दोन मात्रा हा हिशेब पाळला जातो. रॅपमध्ये गुरू अक्षरही एका मात्रेत दाबून बसविता येते व लघू अक्षर ताणता येते. हे स्वातंत्र्य ओवीलाही आहे. शिवाय गाताना 'घर' या शब्दातील अंत्य अकार उच्चारला जातो, बोलताना तो लोपतो. रॅपमध्ये तो लोपलेलाच राहतो. 'हे बोलणे आहे' या आक्षेपातील तथ्य एवढेच. मात्र जे तालात बोलले जाते ते पद्य असू शकते, याचा निवाडा मराठीत ओवीनेच पूर्वी केलेला आहे.

याच ठिकाणी दोषदर्शनाचा खरा निकषही हाती लागतो. इंग्रजीत शब्दातील आघात ठरलेला असतो व तो बदलल्यास शब्द ओळखू येईनासा होतो. म्हणून इंग्रजी रॅपमध्ये आघात आणि ठोका यांची सांगड घालावी लागते. मराठीत आघात अर्थभेदक नाही. परिणामी मराठी रचनाकाराला कोणतेही अक्षर ठोक्यावर आणता येते. ही सवलत मोठी आहे, पण तिचा दुरुपयोगही होतो. परभाषेतील आघातांचा साचा जसाच्या तसा उचलून त्यात मराठी शब्द कोंबले की वाक्याचा नैसर्गिक हेल मोडतो व श्रोत्याला शब्द शोधावे लागतात. अशा गीतावर टीका अवश्य व्हावी. परंतु ती रॅप असण्यावर नव्हे, हेल मोडण्यावर व्हावी.

दुसरा आक्षेप भाषाशुद्धीचा. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडी व नागपुरी या मराठीच्या बोली म्हणून नोंदविल्या आहेत. त्यांना स्वतःची नियमबद्ध ध्वनिव्यवस्था आहे. वऱ्हाडीत 'ळ'च्या जागी 'य' येतो. त्यामुळे 'शाळा' हा शब्द 'शाया' होऊन 'माया', 'वाया' यांच्याशी यमक साधतो. प्रमाण मराठीत 'मला' हे रूप 'झाला', 'गेला' यांच्याशी जुळते. वऱ्हाडीत 'माले' हे रूप 'झाले', 'गेले' यांच्याशी जुळते. 'करायला' या सहा मात्रांच्या रूपाचे काम 'कराले' हे पाच मात्रांचे रूप करते आणि 'माले', 'तुले', 'घराले' यांच्याशी यमकही पावते. द्रुत तालावरील रचनेला ही आटोपशीर रूपे व ही यमकसंपत्ती फार उपकारक ठरते. म्हणजे ज्याला अशुद्धता म्हटले जाते तेच येथे रचनेचे साधन आहे.

शब्दार्थाच्या बाबतीतही सावधगिरी हवी. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे व उमेश खाडे या दोन तरुणांवर राजकीय आशयाच्या मराठी रॅपगीतांबद्दल गुन्हे नोंदविण्यात आले. खाडे यांच्या गीताच्या 'भोंगळी केली जनता' या नावातील 'भोंगळी' हा शब्द प्रमाण मराठीच्या वाचकाला 'ढिसाळ' या अर्थाने परिचित असतो. विदर्भ-मराठवाड्याच्या बोलीत त्याचा अर्थ 'विवस्त्र' असा आहे. बोली ठाऊक नसल्यास गीताचा आशयच हुकतो. रॅपमध्ये शब्दाला महत्त्व नसते, हा समजही या प्रकरणाने खोटा ठरविला.

यवतमाळ जिल्ह्यात या प्रश्नाला शैक्षणिक बाजू आहे. पुसद-उमरखेडकडे मराठवाड्याची छाया, वणीकडे पूर्व विदर्भाची, शिवाय गोरमाटी, गोंडी व कोलामी या भाषा, असे येथील भाषाचित्र आहे. शंकर बडे यांनी 'बॅरिस्टर गुलब्या' या एकपात्री प्रयोगाद्वारे वऱ्हाडीला रंगमंचावर मानाने उभे केले. तरीही वर्गात 'माले' म्हणणारा विद्यार्थी आजही ओशाळतो. गीतातील वऱ्हाडीला अशुद्ध ठरविणारा निकष शेवटी त्या विद्यार्थ्यालाच गप्प बसवितो.

तिसरा आक्षेप परकेपणाचा. उगम परका आहे हे निर्विवाद. पण ग्रहण करणारी भूमी रिकामी नव्हती. तुकडोजी महाराजांचे खंजिरीभजन, गोंड-कोलामांची दंडार, बंजारा समाजाची होळीतील लेंगी या परंपरांत ताल, सामूहिक प्रतिसाद व प्रसंगोचित शब्दयोजना ही तिन्ही अंगे आहेत. 'स्वदेसी'च्या 'द वारली रिव्होल्ट' या गीतात आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे, यावरून हे सांधे कसे जुळतात ते कळते. तालाशी बांधलेल्या शब्दाची प्रतिष्ठाही या जिल्ह्याला नवी नाही. १९७३ सालीच यवतमाळ येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते, आणि त्यांची कीर्ती प्रामुख्याने गीतांवर उभी होती.

रॅप व पॉप यांना एकच माप लावणे मात्र योग्य नव्हे. २०२४ मध्ये गाजलेली संजू राठोड यांचे 'गुलाबी साडी' किंवा क्रेटेक्स व श्रेयस यांचे 'तांबडी चामडी' ही गीते ध्रुवपदाच्या आवर्तनावर उभी आहेत. दुसऱ्याच्या तर नावातच यमक आहे. तेथे अर्थाची विरलता हा आपोआप दोष ठरत नाही. भुलाबाईच्या गाण्यांतील कित्येक शब्दांचा अर्थ लागत नाही, तरी ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. अशा गीताची कसोटी ध्रुवपद जिभेवर किती सहज बसते व पुनरुक्तीने ते झिजते की रुजते, ही होय. रॅपची कसोटी वेगळी : सोळा मात्रांच्या चौकटीत वाक्याचा हेल शाबूत ठेवून किती आशय पोहोचला.

पदव्युत्तर अभ्यासकांना येथे विस्तृत क्षेत्र उपलब्ध आहे. एखादे गीत उच्चारानुसार लिहून घ्यावे, ठोक्यांवर येणारी अक्षरे खुणावावीत, यमकांची बोलीनिहाय नोंद करावी आणि तेच परीक्षण खंजिरीभजनावर किंवा लेंगीवर करून तुलना करावी. त्यानंतर गीत आवडले नाही असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकास आहेच. पण मग त्या नापसंतीला कारण देता येईल, आणि ते कारण दुसऱ्याला तपासताही येईल.