सामायिक भाडेनिवास : मानके व दंडविधान

परस्परांशी कौटुंबिक नाते नसलेल्या अनेक व्यक्ती एकच घर वा खोली भाड्याने घेऊन, किंवा खाटेगणिक मोबदला देऊन, एकत्र राहतात त्या व्यवस्थेस सामायिक भाडेनिवास म्हणतात. मुंबईच्या उत्तर सीमेलगतच्या मीरा-भाईंदर शहरात (नगरपालिका १९८५, महानगरपालिका २००२) अशा निवासास लागू पडणारी मानके व त्यांच्या भंगाबद्दलच्या शिक्षा निरनिराळ्या अधिनियमांत विखुरलेल्या आहेत.

खोलीचे किमान क्षेत्र, उंची, उजेड व वायुवीजन यांची मानके बांधकामविषयक नियमावलीत ठरविलेली असतात. परवानगीवाचून केलेल्या बांधकामास महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५२ अन्वये एक महिना ते तीन वर्षे कारावास व दोन ते पाच हजार रुपये दंड सांगितला आहे. गुन्हा चालू राहिल्यास दररोज दोनशे रुपयांपर्यंत अधिक दंड होतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी आवश्यक असून ती टाळल्यास पंचवीस हजार रुपये किंवा वार्षिक मालमत्ताकराइतकी रक्कम, यांपैकी जी अधिक असेल ती दंड म्हणून द्यावी लागते. दाटीमुळे आरोग्यास धोका उत्पन्न झाल्यास राहणाऱ्यांची संख्या कमी करण्याचा आदेश दंडाधिकाऱ्याकडून मिळविता येतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जेथे लागू आहे, तेथे घर दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य होय. पंधरा दिवसांच्या सूचनेनंतरही त्याने दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असू नये. पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सेवा तोडणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. करार लेखी व नोंदणीकृत नसल्यास मालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय वादात अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

या तरतुदींचा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही. सामायिक निवासात पुष्कळदा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार किंवा केवळ तोंडी बोली असते. परवानाधारक हा कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नव्हे. मुदतीनंतर घर न सोडल्यास त्याच्यावरच दुप्पट दराने भरपाई देण्याची जबाबदारी येते. दंड मालकाला होतो, परंतु धोकादायक इमारत रिकामी करण्याचा आदेश निघाल्यास निवारा राहणाऱ्याचा जातो. त्यामुळे तक्रार करण्यास तो कचरतो आणि दोष उघड होण्यास विलंब लागतो. ठाणे जिल्ह्यातच शीळ येथे ४ एप्रिल २०१३ रोजी अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनेनंतर निष्काळजीपणाचे वा सदोष मनुष्यवधाचे फौजदारी गुन्हे दाखल होतात; परंतु मानकांचा हेतू ती टाळणे हा आहे. त्यासाठी नियमित तपासणी आणि रहिवाशांच्या पर्यायी निवाऱ्याची सोय या दोन्ही गोष्टी दंडाइतक्याच आवश्यक ठरतात.