तलवार म्यान झाल्यावर

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मी पहिल्यांदा वाचली ती लढायांसाठी. दुसऱ्या वाचनात वेगळाच प्रश्न पडला : या कल्पित जगातल्या समाजात योद्ध्याचे स्थान नेमके कोणते? १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत जे. आर. आर. टॉल्किन यांनी त्याची निदान तीन उत्तरे दिली आहेत.

पहिले रोहानचे. हे घोडे पाळणाऱ्यांचे राज्य. युद्धात मदतीला आल्याबद्दल शेजारच्या गोंडोरच्या कारभाऱ्याने त्यांच्या पूर्वजाला ही भूमी दिली. त्याने गरजेला धावून येण्याची शपथ घेतली. मराठी वाचकाला इथे जहागिरीची आठवण होईल. गोंडोरकडून लाल बाण आला, की राजा थेओडेन सहा हजार भालाईत स्वार घेऊन निघतो. राजाचे खासे पथक वगळले, तर इथे योद्धा हा निराळा वर्ग नाही. हाक आली की घरदार सोडून निघणारी रयतच फौज होते.

दुसरे गोंडोरचे. तिथला फारामिर स्वतः सेनानी आहे; पण आपला समाज आता इतर कसबांच्या माणसांहून योद्ध्याला वरचा मान देतो, याची त्याला खंत आहे. युद्ध हे रक्षणाचे साधन न राहता स्वतःच प्रिय होऊ लागले, की तो समाज उतरणीला लागला, असे त्याचे निदान आहे.

तिसरे उत्तरेच्या रेंजरांचे. ब्री गाव आणि शायर ही हॉबिटांची भूमी ते गुपचूप राखतात. ब्रीचे लोक मात्र त्यांच्याकडे संशयाने पाहतात, आरागॉर्नला हिणवणाऱ्या नावाने ओळखतात. पहारा जितका चोख, तितका पहारेकरी अदृश्य.

टॉल्किन १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होते आणि १९१८ पर्यंत त्यांचे एक सोडून सारे जिवलग मित्र मृत्यू पावले होते. त्यामुळेच की काय, विजयानंतर योद्ध्याचे काय होते, हे ते विसरत नाहीत. पुरुषवेषात रणात उतरून नाझगुलांच्या म्होरक्याला मारणारी एओविन अखेरीस शुश्रूषेचे काम निवडते. फ्रोडो शायरला परततो, तेव्हा तिथे गुंडांचे राज्य असते. त्यांच्याशी झालेल्या लढाईत एकोणीस हॉबिट पडतात. लढाईत उतरलेल्या साऱ्यांच्या नावांची यादी केली जाते, सेनानायक मेरी आणि पिपिन यांचा गौरव होतो. फ्रोडोने मात्र तलवार उपसलेली नसते. शरण आलेल्यांना कोणी मारू नये, एवढेच तो पाहतो. त्याला स्वतःच्या गावात फारसा मान मिळत नाही, याचे सॅमला वाईट वाटते.

मला या सगळ्यात सॅमचे ते वाईट वाटणेच महत्त्वाचे वाटते. लढणाऱ्याला मान द्यायला समाज सहज शिकतो. हात आवरणाऱ्याला, आणि जखम घेऊन गप्प बसलेल्याला कुठे बसवायचे, हे मात्र त्या शायरलाही उमगले नाही. अखेर फ्रोडो जहाजात बसून निघून जातो.