केस पेपर फेकू नका, तोच उद्याचा साक्षीदार

“मावशी, त्या वेळचा केस पेपर कुठे आहे?” असं विचारलं की वस्तीतल्या बहुतेक घरांत एकच उत्तर मिळतं. “सिस्टर, बरं वाटलं, मग तो कागद कशाला ठेवायचा?” कुणी त्याने चूल पेटवलेली असते, कुणाचा पावसात भिजून लगदा झालेला असतो. दवाखान्यातली नोकरी सोडून मी वस्त्यांमध्ये काम करू लागले, तेव्हा एका कारखान्यामागच्या गल्लीत हेच पाहिलं. एका रात्री उग्र वास आला, डोळे चुरचुरले, मुलं ओकली. सकाळी अकरा जण सरकारी दवाखान्यात जाऊन आले. दोन वर्षांनी भरपाईचा अर्ज करायची वेळ आली, तेव्हा अकरापैकी दोघांकडेच कागद निघाले. त्यांवरही ‘डोळे लाल’ एवढंच लिहिलेलं. वायूचा उल्लेखच नव्हता. अर्ज तिथेच अडला.

हा कागद इतका मोलाचा का, हे समजायचं तर भरपाईचा पैसा कुठून येतो ते आधी पाहू. गाडीने कुणाला उडवलं तर भरपाई थर्ड पार्टी विम्यातून मिळते, हे आपल्याला ठाऊक आहे. कारखान्यांचाही तसाच विमा असतो. कारखान्याच्या वायूने किंवा मालाने बाहेरच्या माणसाला इजा झाली, तर विमा कंपनी ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे भरते. पण विमा कंपनी आपलं दुःख पाहत नाही, ती तारीख आणि कागद पाहते. अपघातात तारीख सोपी असते. विषारी धूळ किंवा पाणी मात्र वीस-तीस वर्षांनी आजार देतं. तिथे भांडण सुरू होतं.

आपल्या घरांवर जो सिमेंटचा पत्रा असतो, त्यात अनेकदा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. ही धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर फुप्फुसं निकामी होतात, कॅन्सर होतो. कॅन्सर दिसायला २० ते ४० वर्षंही लागतात. अमेरिकेत या धुळीत काम केलेल्या क्लॅरेन्स बोरेल या कामगाराच्या खटल्यात १९७३ साली निकाल लागला : धोक्याची सूचना न देणारे उत्पादक जबाबदार आहेत. मग खटल्यांची रांगच लागली. २००२ पर्यंत सुमारे ७ लाख ३० हजार लोकांनी दावे केले आणि सुमारे ७० अब्ज डॉलर खर्च झाले. अ‍ॅस्बेस्टॉसची मोठी कंपनी जॉन्स-मॅनव्हिल हिने १९८२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला.

विमा कंपन्या आपसांत भांडू लागल्या. कामगाराने धूळ १९५० साली घेतली, खोकला १९८० साली आला, मग पैसे कोणत्या वर्षीच्या पॉलिसीने द्यायचे? १९८१ साली वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने सांगितलं की धूळ शरीरात गेली तेव्हापासून आजार दिसेपर्यंतच्या सगळ्या वर्षांचे विमेदार जबाबदार आहेत. लंडनचा लॉइड्स हा विमा बाजार या दाव्यांनी हादरला. मग कंपन्यांनी नव्या पॉलिसीत एक ओळ घालायला सुरुवात केली : अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेलं नुकसान आम्ही भरणार नाही.

तीच ओळ आज दुसऱ्या विषासाठी लिहिली जात आहे. न चिकटणाऱ्या तव्याच्या लेपासाठी जी रसायनं वापरली गेली, त्यांतलं एक ‘सी-८’. अमेरिकेतल्या पार्कर्सबर्ग भागात ड्यूपॉन्ट कंपनीच्या कारखान्यातून ते लोकांच्या पिण्याच्या पाण्यात गेलं. लोकांनी खटला केला आणि २००४ साली तडजोड झाली. तिथल्या लोकांनी त्या पैशाचा एक भाग आजाराचा पुरावा गोळा करण्यात घातला. सुमारे ६९ हजार लोकांनी रक्त दिलं आणि आपल्या आजारांची माहिती लिहून दिली. त्यासाठी प्रत्येकाला ४०० डॉलर मिळाले. तीन तज्ज्ञांनी काही वर्षं अभ्यास केला आणि २०१२ पर्यंत सहा आजारांशी या रसायनाचा संबंध असण्याची शक्यता दाखवली. किडनीचा कॅन्सर, वृषणाचा कॅन्सर, थायरॉइडचे विकार, आतड्याला व्रण पडण्याचा एक आजार, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला रक्तदाब हे ते सहा. या सहा आजारांत ‘आमच्या रसायनाने असा आजार होतच नाही’ असं म्हणण्याची वाट तडजोडीने कंपनीला बंद केली होती. २०१७ साली सुमारे ३,५५० दाव्यांसाठी ६७ कोटी १० लाख डॉलर देण्याचं ठरलं.

एक नर्स म्हणून मला यातली रक्ताची नळी आणि तिच्यावर लिहिलेली तारीख सगळ्यात मोठी वाटते. त्या नोंदी नसत्या तर साडेतीन हजार माणसांच्या बोलण्याला कुणी विचारलं नसतं. त्या प्रकारच्या रसायनांना आता अनेक विमा कंपन्या पॉलिसीतून वगळू लागल्या आहेत. विमा नाही आणि कंपनीही दिवाळखोर, अशी वेळ आली तर आजारी माणसाने कुणाचं दार ठोठवायचं?

आपल्या देशात याचं उत्तर भोपाळने दाखवलं आहे. १९८४ च्या डिसेंबरमध्ये युनियन कार्बाइडचा वायू गरिबांच्या वस्त्यांवर पसरला. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक शहाणपणाची गोष्ट सांगितली : वायू शरीरात गेला पण अजून आजार दिसत नाही, अशा सुमारे १ लाख लोकांचा आठ वर्षांचा आरोग्य विमा सरकारने काढावा, कारण आजार पुढे येऊ शकतो. १४ मार्च २०२३ रोजी केंद्र सरकारची जादा भरपाईची याचिका फेटाळताना न्यायालयाच्या लक्षात आलं की तो विमा कधी काढलाच नव्हता. ही घोर हलगर्जी आहे, असं न्यायालयाने सरकारला सुनावलं. आदेश होता, पण पॉलिसी नव्हती. एकतीस वर्षं ते वस्तीपर्यंत पोचलंच नाही.

भोपाळनंतरच १९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा आला. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्याला बाहेरच्या लोकांसाठी विमा काढावाच लागतो. अपघात झाल्याचं कळलं की जिल्हाधिकाऱ्याने खात्री करून लोकांकडून अर्ज मागवायचे असतात. या कायद्यात कारखान्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. अर्ज अपघातापासून पाच वर्षांच्या आत करायचा, आणि शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. ही मदत घेतली म्हणून जास्त भरपाई मागण्याचा हक्क जात नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्यात आहे, तिथेही भरपाईसाठी पाच वर्षांची मुदत आहे. हा १९९१ चा कायदा कारखान्यातल्या कामगारासाठी नाही. त्याचा हक्क ईएसआय किंवा कामगार भरपाईच्या तरतुदींतून येतो. म्हणून ठेकेदाराच्या हाताखाली असाल तरी हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी आणि ईएसआयचा नंबर जपा.

चूक सिद्ध करायची नसली, तरी त्या अपघातातच आपल्याला इजा झाली हे दाखवावं लागतं. इथे पुन्हा केस पेपर येतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलं की कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवा. दाखल झालेल्या रुग्णाचे कागद ठेवण्याचं डॉक्टरांवरचं बंधन मात्र तीन वर्षांचं आहे. आजार वीस वर्षांनी येणार आणि दवाखान्याची फाइल तीन वर्षांत जाणार. मधली सतरा वर्षं तो कागद आपल्या घरातच राहायला हवा.

तेव्हा मायबहिणींनो, एवढं करा. वायू किंवा वास आला आणि त्रास झाला, तर थोडा असला तरी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. ‘अमुक वाजता वायू श्वासात गेला’ हे डॉक्टरांना सांगा आणि केस पेपरवर लिहून घ्या. दाखल झाला असाल तर कागदांची नक्कल मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यावी, असा डॉक्टरांसाठी नियम आहे. पोलीस ठाण्यात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, तपासणीचे रिपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि मोबाइलमध्ये फोटो काढा. पत्रा तुटला तर कोरडा झाडू नका, आधी पाणी शिंपडा. कोरडा कापू नका, त्याला भोक पाडू नका.

रविवारी वंदनेनंतर विहारात एक वही उघडा : तारीख, वेळ, कोणत्या घरात कुणाला काय त्रास झाला. शेजारच्या कारखान्याने हा विमा काढला आहे का, हे माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, महिलेला आणि औद्योगिक दुर्घटनेतल्या पीडिताला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

त्या कारखान्यामागच्या गल्लीत आता बहुतेक घरांत खिळ्याला एक पिशवी टांगलेली दिसते. मागच्या महिन्यात एका मावशींना केस पेपर विचारला, तर त्यांनी तारखेप्रमाणे लावलेले सात काढून दिले. “सिस्टर,” त्या म्हणाल्या, “आता चुलीला दुसरा कागद शोधते.”