‘किटी-कॉर्नर’मध्ये मांजर नाही, ‘चार’ आहे

अमेरिकेत एखाद्याने बँकेचा पत्ता विचारावा आणि ‘टपाल कार्यालयाच्या किटी-कॉर्नर’ असे उत्तर मिळावे, तर नवख्या माणसाला मांजराची आठवण होणे स्वाभाविक आहे. सांगणाऱ्याला मात्र एवढेच अभिप्रेत असते, की चौकाच्या ज्या कोपऱ्यावर टपाल कार्यालय आहे, त्याच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यावर बँक आहे. तेथे पोहोचण्यासाठी दोन रस्ते ओलांडावे लागतात. नुसते ‘समोर’ म्हटले, तर एकच रस्ता ओलांडून मनुष्य भलत्याच दारात उभा राहील. अनेक अमेरिकी शहरांतील रस्ते परस्परांना काटकोनात छेदत असल्याने हा अनौपचारिक शब्द तेथे फार सोयीचा ठरतो.

त्याची रूपे प्रदेशानुसार बदलतात. उत्तरेत व पश्चिमेत प्रामुख्याने ‘किटी-कॉर्नर’, तर दक्षिणेत ‘कॅटी-कॉर्नर’ प्रचलित आहे. या दोहोंहून जुने रूप ‘केटर-कॉर्नर’ असून व्युत्पत्तीचा धागा तेथेच सापडतो. फ्रेंच भाषेत ‘कात्र’ म्हणजे चार. हा शब्द इंग्रजीत ‘केटर’ होऊन आला आणि फाशावरील चाराच्या दानासाठी रूढ झाला. फाशावर चाराचे ठिपके चार कोपऱ्यांत असतात. 16व्या शतकात ‘केटर’चा उपयोग ‘तिरपे जाणे’ या अर्थानेही होऊ लागला. पुढे त्याला ‘कॉर्नर’ जोडले गेले.

कालांतराने ‘केटर’ हा शब्द विस्मरणात गेला. ध्वनी कानांवर पडत राहिला, अर्थ मात्र हरवला. तेव्हा बोलणाऱ्यांनी त्या जागी ओळखीचे मांजर आणून बसवले. अपरिचित शब्दाला परिचित शब्दाचे रूप देण्याच्या या प्रवृत्तीस ‘लोकव्युत्पत्ती’ म्हणतात. ‘क्रेफिश’ हा कवचधारी जलचर मासा नसूनही त्याच्या नावात ‘फिश’ आला, तो याच वाटेने. मूळ जुन्या फ्रेंच शब्दात मासा नव्हताच.

या शब्दाचे मराठीशीही दूरचे नाते आहे. फ्रेंच ‘कात्र’ लॅटिन ‘क्वात्तुओर’पासून आला, आणि लॅटिन शब्द व संस्कृत ‘चतुर्’ यांचे मूळ एकच. त्याच कुळातून मराठीला ‘चार’ मिळाला आणि ‘चतुष्क’पासून ‘चौक’ही. म्हणजे चौकातील तिरपा कोपरा दाखवणारा अमेरिकी शब्द आणि आपला ‘चौक’ हे एकाच ‘चार’चे वंशज ठरतात. मांजर मध्येच शिरले आहे.