भांडण, कळ आणि गौरीचे हात

लोधिवलीहून चौककडे निघालं की जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून इर्शाळगडाचा सुळका दिसू लागतो. श्रावणात या पट्ट्यातल्या बांधांवर, करवंदीच्या जाळ्यांतून कळलावी वर चढते. तिला आधाराला वेगळे ताणे नसतात. पानाचंच टोक लांबतं, वळतं आणि शेजारच्या काटकीला घट्ट विळखा घालतं. त्या वळलेल्या टोकांमुळे कुणी तिला वाघनखी म्हणतं, तर ज्वाळांसारख्या पाकळ्या पाहून कुणी अग्निशिखा.

पण प्रचारात राहिलं ते कळलावी हेच नाव, आणि ते बदनामही तितकंच. कळ लावणं म्हणजे भांडण लावून देणं. म्हणून हे फूल घरात आणलं तर घरात भांडणं होतात, असा समज गावोगाव आहे. याला नुसती बायाबापड्यांची समजूत म्हणून हसण्यावारी नेता येत नाही. संस्कृतात या वनस्पतीला कलिकारी म्हणतात. कलि म्हणजे कलह. आणि कळलाव्या नारदाचं एक संस्कृत नाव कलिकारक असंच आहे!

दुसरी कळ सुइणीच्या हातातली. बाळंतीण अडली की कळा याव्यात म्हणून या वेलीच्या गड्ड्याचा लेप लावण्याची रीत होती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, वार अडकली असताना लांगलीच्या मुळाचा कल्क बाईच्या तळहातांना आणि तळपायांना लावायला सांगितला आहे. लांगली म्हणजे हीच. जुन्या निघंटूंतलं तिचं आणखी एक नाव गर्भपातिनी. तिथे तर आडपडदाच नाही. विशल्या या नावामागेही हाच धागा असावा, कारण शरीरात अडकलेलं, बाहेर काढायलाच हवं असं जे काही, ते वैद्यांच्या भाषेत शल्य. मला विचाराल तर कळलावीतली मूळ कळ ही बाळंतपणाची. कलहाची कळ तिला नंतर चिकटली असावी, आणि एका अर्थी बरंच झालं. भांडणाच्या धाकाने का होईना, पोरंबाळं गड्ड्यापासून लांब राहिली.

लांब राहायलाच हवं असा तो गड्डा आहे. जमिनीखाली तो दोन फाट्यांनी वाकलेला असतो, नांगरासारखा. लांगल म्हणजे नांगर. आपला नांगर हा शब्दही त्यातूनच आला. आयुर्वेदात रुई, थोर, कण्हेर, गुंज, अफू आणि धोतरा यांच्या बरोबरीने लांगली सात उपविषांत मोजतात. तिच्यातलं कोल्चिसीन पेशींचं विभाजन थांबवतं. हेच द्रव्य मोजक्या मात्रेत संधिवाताच्या एका प्रकारावर, गाऊटवर, औषध म्हणून देतात. मात्रा थोडी चुकली तरी उलट्या-जुलाबांपासून सुरू होऊन प्रकरण जिवावर बेततं. श्रीलंकेत रताळं किंवा कंद समजून हा गड्डा खाल्ल्याने माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा घरगुती प्रयोग नकोतच.

एवढं विष पोटात असूनही कोकणात काही ठिकाणी या फुलाला गौरीचे हात म्हणतात आणि तेरड्याच्या गौरीशेजारी त्याला मान असतो. फूल जवळून पाहिलं की नाव पटतं. सहा पाकळ्या मागे वळून वर उठलेल्या, कडा चुणीदार, तळाशी पिवळ्या आणि टोकाला लाल. खाली सहा पुंकेसर बोटं फाकल्यासारखे पसरलेले. गंमत म्हणजे तमिळ संघम कवितेत हे फूल कांदळ, आणि स्त्रीच्या बोटांना त्याची उपमा हा तिथला ठरलेला संकेत. कपिलराच्या ‘कुरिंजिप्पाट्टु’त नव्व्याण्णव फुलांची यादी येते, तिची सुरुवात कांदळापासूनच होते. दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींना विचारून थोडीच नाव ठेवलं असेल! तिकडे नांगरावरून ‘कलप्पैक् किळंगु’, म्हणजे नांगर-कंद, हेही नाव आहे. शिवाय कार्तिकातलं फूल म्हणून ‘कार्तिगैप्पू’. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात फुलणारी वेल तिथे परतीच्या पावसाची वाट पाहते.

लिनियसने १७५३ साली तिचं नाव ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ ठेवलं. वैभवशाली आणि वर पुन्हा दिमाखदार. नुसतं कौतुकावर कौतुक. त्यात ना विष, ना कळ. झिम्बाब्वेने तिला राष्ट्रीय फूल केलं, तमिळनाडूने राज्यफूल.

तमिळनाडूत आज तिची शेतीही होते, फुलांसाठी नव्हे तर बियांसाठी. औषध कंपन्यांना कोल्चिसीन त्यांतून मिळतं. फुलातली स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात बाहेर वळलेली असते, त्यामुळे परागकण तिच्यापर्यंत आपसूक फारसे पोचत नाहीत. मग सकाळी मजूर तारांवर चढवलेल्या वेलींतून फिरत, फुलाफुलावर हाताने पराग लावत जातात. तिथले शेतकरी या पिकाला ‘कण्वलिक् किळंगु’ म्हणतात. अर्थ, डोळेदुखीचा कंद. फुलाकडे टक लावून पाहिलं तर डोळे दुखतात, असा समज आहे.