प्रदर्शनाला निघालेल्या भगिनींची बॅग : आधी कागद, मग मोबाईल, मग माल आणि शेवटी कपडे

आपल्या समाजातल्या महिला कामासाठी परगावी जाऊ लागल्या आहेत, ही गोष्ट आता नवीन राहिलेली नाही. बचत गटाच्या मसाल्यांचा, लोणच्याचा, भरतकामाचा, हिमरूचा, गोधडीचा स्टॉल घेऊन कुणी मुंबईच्या प्रदर्शनात जातं, तर कुणाला थेट दिल्लीच्या व्यापार मेळ्याचं बोलावणं येतं. आमच्या शाळेत पालकसभेला येणाऱ्या मातांपैकीच काही जणी अशा निघतात. निघण्याआधी त्या आमच्याकडे येतात, फॉर्म भरून घेतात आणि मग हळूच विचारतात, "मॅडम, सोबत काय काय घ्यायचं?" त्यांना जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहीत आहोत.

उदाहरणासाठी दिल्लीचा आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा घेऊ. तो दरवर्षी 14 ते 27 नोव्हेंबर या काळात प्रगती मैदानावर भरतो. या जागेला आता भारत मंडपम म्हणतात. महाराष्ट्राचं दालनही तिथे असतं. प्रवास लांबचा, मुक्काम पंधरा दिवसांचा आणि हवा थंड, म्हणजे सगळ्यात अवघड तयारी इथलीच. दिल्लीची तयारी जमली की मुंबई, पुणे, नागपूर सोपं.

नाव एकच हवं

बॅग भरायला घेण्याआधी आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचं पासबुक आणि बचत गटाचं पत्र शेजारी शेजारी ठेवा आणि चारही ठिकाणचं नाव वाचा. आपल्याकडे इथेच घोळ असतो. आधारवर 'आयेशा बी', पॅनवर 'आयेशा शेख', पासबुकात माहेरचं नाव, गटाच्या यादीत नवऱ्याचं. त्यात इंग्रजीत 'शेख' लिहिण्याच्या तीन-चार तऱ्हा. गावात सगळे ओळखतात म्हणून अडत नाही, परगावी मात्र अडतं. रेल्वेत एका तिकिटावर चौघी असतील तर साधारणपणे एकीचं ओळखपत्र दाखवून भागतं. विमानात तसं नाही. तिथे प्रत्येकीचं तिकीट आणि ओळखपत्र जुळावंच लागतं. स्टॉलचा प्रवेश पास, राहण्याच्या जागेची नोंद, विक्रीच्या पैशाचा चेक हे सगळं नावावरच चालतं. दुरुस्ती करायची असेल तर महिना-दीड महिना आधी करा. निदान तिकीट काढताना आधारवर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने टाका. 'बी' असेल तर 'बी' सुद्धा.

लॉज किंवा वसतिगृहात आधारची प्रत मागतात. तिथे 'मास्क्ड आधार' द्यावं. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारच्या संकेतस्थळावरून ते मोफत उतरवता येतं. पाच-सहा प्रती काढून फाईलमध्ये ठेवा.

ओटीपी कुणाच्या खिशात वाजतो?

आता मोबाईल. आमच्या मते ही तयारी कपड्यांपेक्षा दहापट महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच कुणी करत नाही.

बऱ्याच घरांत आईच्या आधारला मुलाचा नंबर जोडलेला असतो, बँकेला नवऱ्याचा, आणि आईच्या हातातला फोन तिसऱ्याच सिमवर चालतो. घरी असताना "बेटा, ओटीपी सांग" म्हणून काम भागतं. दिल्लीत मुलगा कॉलेजात, फोन सायलेंटवर, आणि समोर गिऱ्हाईक उभं. जुलै 2025 पासून तर रेल्वेच्या तत्काळ तिकिटालाही आधारशी जोडलेल्या मोबाईलवरचा ओटीपी लागतो. परतीचं तिकीट अचानक बदलावं लागलं तर काय करणार? म्हणून निघण्याआधी आधार आणि बँक, दोन्हींना स्वतःच्या हातातला नंबर जोडून घ्या.

दुसरा प्रश्न स्टॉलवरच्या क्यूआर कोडचा. तो कुणाच्या खात्याचा आहे? घरच्या दुकानाचा कोड उचलून नेला की पंधरा दिवसांची सगळी कमाई नवऱ्याच्या किंवा दिराच्या खात्यात जमा होते. भांडणाची गोष्ट नाही ही, हिशेबाची आहे. गटात चौघींचा माल असतो, कुणाचा किती विकला ते रोज रात्री कळायला हवं. उद्या कर्ज मागायला बँकेत गेलात तर बँक तुमच्या खात्यातली उलाढाल बघणार, घरमालकाची नाही. गटाच्या नाहीतर स्वतःच्या खात्याचा कोड काढा. त्याची छापील प्रत दोन ठिकाणी ठेवा आणि निघण्याआधी दहा रुपये पाठवून तपासा. मोठ्या हॉलमध्ये गर्दीमुळे नेटवर्क जातं. पैसे आल्याचा संदेश स्वतःच्या फोनवर दिसल्याशिवाय पिशवी हातात देऊ नका. गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण पुरेशी नाही. सुट्ट्या पैशांची वेगळी थैली तरीही लागतेच.

माल म्हणजे सामान नव्हे

रेल्वेच्या नियमात स्लीपर आणि थ्री-टियर एसीला माणशी 40 किलो सामान फुकट नेता येतं. सेकंड सिटिंगला 35 किलो. पण हे घरगुती सामानासाठी आहे. विक्रीचा माल डब्यात ठेवून न्यायचा नसतो, तो पार्सल ऑफिसात बुक करायचा असतो. मसाल्याची चार पोती सीटखाली कोंबली आणि तपासणीत सापडली तर दंड भरावा लागतो, शिवाय अख्ख्या डब्यासमोर वाद होतो तो वेगळाच. माल दोन-तीन दिवस आधी पार्सलने पाठवा आणि पावती स्वतःजवळ ठेवा. गोणीवर नाव, नंबर आणि स्टॉलचा पत्ता मार्करने हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. पहिल्या दिवशी मांडायला पुरेल एवढाच नमुना-माल सोबत असू द्या, म्हणजे पार्सलला उशीर झाला तरी टेबल रिकामं दिसणार नाही.

खाण्याचे पदार्थ असतील तर अन्न परवान्याची प्रत हवी, पाकिटावर 14 आकडी नंबर हवा. राज्याबाहेर विक्री करताना जीएसटीचं काय, हे आयोजक कार्यालयाला किंवा हिशेबनिसाला आधीच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मालाची यादी तीन प्रतींत करा.

विमानाने जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. शिवणाची कात्री, मिरची पूड, लोणचं, अत्तराच्या मोठ्या बाटल्या चेक-इन बॅगेत टाका. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच. सुकं खोबरं नेऊच नका. त्यात तेल असतं, पेट घेण्याचा धोका मानून ते नाकारतात. तपासणीच्या वेळी महिलांची झडती महिला कर्मचारीच पडद्याआड घेतात, त्यामुळे बुरख्याची काळजी नको. नकाब असेल तर ओळख पटवण्यासाठी महिला कर्मचारी बोलावण्याची विनंती शांतपणे करावी.

मेळ्याचे पहिले काही दिवस साधारणपणे व्यापाऱ्यांसाठी राखलेले असतात, सामान्य गर्दी नंतर येते. पुष्कळ भगिनी हे दिवस कंटाळत काढतात. खरं तर वर्षभराची ऑर्डर मिळण्याची संधी याच दिवसांत. त्यासाठी बॅगेत घाऊक दराचं छापील पत्रक, गटाचं कार्ड, नमुन्याची छोटी पाकिटं आणि एक वही हवी. येणाऱ्याचं नाव, गाव, नंबर, काय मागितलं, किती मागितलं ते लगेच वहीत लिहायचं. भाव आधी घरी ठरवून जा. तिथे उभ्या उभ्या ठरवलेला भाव बहुतेक वेळा तोट्याचा निघतो. भाषेची चिंता आपल्या बायकांना करायचं कारण नाही, उर्दू आपली आहेच. आपलं दखनी 'नक्को' ऐकून दिल्लीकर हसतात, पण हसलेलं गिऱ्हाईक थांबतं.

गाडीत

आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांत स्लीपरला महिलांसाठी सहा बर्थचा कोटा असतो. एकट्या किंवा फक्त महिलांच्या गटाने जाणाऱ्यांना तो मिळतो. तिकीट काढताना 'लेडीज' कोटा निवडायला एजंटला आवर्जून सांगा, स्वतःहून तो सांगत नाही. कोकणातून मंगला एक्स्प्रेस, मिरज-पुण्याकडून गोवा एक्स्प्रेस, या दोन्ही हजरत निजामुद्दीनला पोचतात आणि तिथून प्रगती मैदान जवळ आहे. मराठवाड्यातून सचखंड एक्स्प्रेस नवी दिल्लीला जाते. तिच्या वाटेवर काही स्टेशनांवर लंगरचं शाकाहारी जेवण मिळतं, डबा सोबत ठेवायला विसरू नका. दिल्ली मेट्रोचा जाण्याच्या दिशेने पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो आणि मेळ्याजवळच्या स्टेशनचं नाव आता 'सुप्रीम कोर्ट' आहे. प्रगती मैदान शोधत बसू नका.

काही अडलं तर रेल्वेचा 139 आणि पोलिसांचा 112, हे दोन नंबर पाठ हवेत. तिकिटाचा काही घोळ झाला तरी पुरुष सोबत नसलेल्या महिलेला रात्री गाडीतून उतरवता येत नाही, रेल्वे कायद्याच्या कलम 139 मध्ये हे स्पष्ट आहे. कुणी धमकावलं तर हे वाक्य शांतपणे म्हणून दाखवा.

आणि पाणी प्या. संडास घाण असेल म्हणून बायका दिवस-दिवस पाणी टाळतात, स्टॉल सोडता येत नाही म्हणूनही टाळतात, आणि चौथ्या दिवशी लघवीची जळजळ घेऊन बसतात. साबणाची चिकटी, टिश्यू, छोटी बाटली आणि पाळीची तारीख नसली तरी पॅड सोबत असू द्या. स्टॉलवर जोडीने बसा, म्हणजे एकीला उठता येतं.

मेहरम, नमाज आणि मुक्काम

हा प्रश्न घरोघर निघतो, म्हणून टाळत नाही. मेहरमशिवाय लांबचा प्रवास करावा की नाही, यावर उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. हनफी फिकहमध्ये सुमारे 48 मैलांची म्हणजे साधारण 78 किलोमीटरची मर्यादा सांगितली जाते. शाफई मतात फर्ज हजसाठी विश्वासू महिलांच्या सोबतीची सवलत आहे, आणि आजचे काही आलिम सुरक्षित प्रवासाच्या बाबतीत आणखी सवलत देतात. फतवा देणं आमचं काम नाही. एवढंच म्हणतो की हा निर्णय आपल्या आलिमांना विचारून, घरच्यांशी बसून, तिकीट काढण्याआधी घ्या. भाऊ किंवा मुलगा सोबत येणार असेल तर त्याचं तिकीट आणि राहणं खर्चात धरा. महिलांच्या वसतिगृहात त्याला जागा मिळणार नाही. स्टेशनवर सोडायला आलेल्या मामूंनी फलाटावर हा विषय काढला की त्या बाईचा अर्धा जीव तिथेच जातो.

नमाजचा हिशेबही आधी करून ठेवा. प्रवासात जोहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात, फजर आणि मगरिब तशाच राहतात. पण मेळा 14 दिवसांचा, एक-दोन दिवस आधी पोचायचं, एक दिवस नंतर निघायचं, म्हणजे दिल्लीत पंधरा दिवस किंवा जास्त राहण्याची नियत झाली. हनफी मतानुसार मग तिथे पूर्ण नमाज. शाफईंसाठी ही मर्यादा चारच दिवसांची आहे, त्यामुळे कोकणातल्या भगिनींनाही तिथे पूर्णच. कसर राहते ती वाटेत. दोन नमाज एकत्र करण्याची सवलत शाफई मतात प्रवासात आहे, हनफीत नाही. एकाच गटात दोन्हीकडच्या बायका असतील तर एकमेकींना दुरुस्त करायला जाऊ नये. गाडीत फोनचं होकायंत्र लोखंडामुळे चुकतं, शंका आली तर सूर्य बघा.

कपडे आणि घर

कपडे सर्वांत शेवटी, कारण ते सर्वांत सोपे. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात दिल्लीच्या सकाळी आणि रात्री गारठा असतो, हॉलमध्ये मात्र उकडतं. म्हणून जाड एक स्वेटर घेण्यापेक्षा पातळ दोन घ्या. बुरखे दोन हवेत, हलक्या कापडाचे, आत खिसा असलेले, आणि सरकत्या जिन्यात अडकणार नाहीत इतक्या उंचीचे. त्या दिवसांत तिथे हवेत धूर फार असतो. नकाबच्या कापडाने तो अडत नाही, एन-95 मास्क वेगळे घ्या. दमा असेल तर पंप आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पर्समध्ये. दिवसभर उभं राहायचं आहे, नवी चप्पल नको.

घरासाठी पंधरा दिवसांचा स्वयंपाक करून फ्रीज भरून जाण्याची पद्धत आम्हाला पटत नाही. बाई थकूनच गाडीत बसते आणि तिसऱ्या दिवशी ते अन्न कुणी खात नाही. त्यापेक्षा एक कागद भिंतीवर लावा : गॅसचा नंबर, शाळेची वेळ, कोणत्या दिवशी कोणत्या विषयाची चाचणी, सासूबाईंच्या गोळ्या कधी, दूधवाल्याचे किती. मुलांच्या वर्गशिक्षकांना सांगून जा. आम्हा शिक्षकांना माहीत असलं की पोर वर्गात गप्प का बसलंय ते कळतं. रोज फोन ठरलेल्या वेळी करा, इशानंतर, स्टॉल बंद झाल्यावर. दर तासाला फोन आला तर ना घर सांभाळलं जात, ना गिऱ्हाईक.

येताना बॅग रिकामी असेल, तिच्यात मुलांसाठी खेळणी भराल ते ठीक. पण न विकलेल्या मालाची यादी, रोजच्या विक्रीची वही आणि जमा झालेली कार्डं वरच्या कप्प्यात ठेवा, आणि घरी पोचल्यापासून आठ दिवसांच्या आत त्या नंबरांवर फोन करा.