ग्रीनब्रायर काउंटीतील स्तरित खडक आणि भूजलाचे अदृश्य मार्ग

प्रास्ताविक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या आग्नेय भागात, व्हर्जिनिया राज्याच्या सीमेला लागून ग्रीनब्रायर ही काउंटी वसलेली आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील लहानशा जिल्ह्याशी तुलना करता येईल असा प्रशासकीय घटक होय. १७७८ मध्ये स्थापन झालेल्या या काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे २,६५० चौ. कि.मी. असून २०२० च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या ३३ हजारांच्या आत आहे. लुइसबर्ग हे तिचे मुख्य ठिकाण. ॲपलेशियन पर्वतरांगा, घनदाट वने, गुरांसाठी राखलेली विस्तीर्ण कुरणे आणि पश्चिमेकडील कोळशाच्या खाणी असे या ग्रामीण प्रदेशाचे स्थूल स्वरूप आहे.

प्रस्तुत लेखात या काउंटीच्या पोटातील स्तरित खडकांचा परामर्श घेतला आहे. मात्र खडकांच्या थरांची नुसती यादी देणे हा लेखाचा हेतू नाही. हे थर पाण्याला कोठे अडवतात व कोठे वाट करून देतात, यावर तेथील विहिरींचे व झऱ्यांचे आरोग्य अवलंबून आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वावरलेल्या वाचकाला 'माथा ते पायथा' ही पाणलोटाची कल्पना सुपरिचित आहे. डोंगराच्या कडेवरून पाणलोटाची सीमा आखावी आणि त्या सीमेच्या आत पडलेले पाणी त्याच ओढ्याचे समजावे, हा तिचा पाया. ग्रीनब्रायरच्या मध्यभागातून जाणाऱ्या चुनखडकाच्या पट्ट्यात हा पायाच डळमळतो.

खडकांचा अनुक्रम

काउंटीत पूर्वेकडून पश्चिमेकडे जाऊ लागल्यास पायांखालचा खडक सामान्यतः अधिकाधिक तरुण होत जातो. पूर्वेकडील सीमेजवळ सिल्युरियन व डेव्होनियन कालखंडांतील वालुकाश्म, शेल आणि काही चुनखडक आढळतात. पुराजीव महाकल्पाच्या अखेरीस आफ्रिका व उत्तर अमेरिका या भूखंडांच्या टकरीतून जो पर्वत उभा राहिला, त्याच्या दाबाने पूर्वेकडील हे थर घड्या पडून वाकले. पश्चिमेकडे त्या दाबाचा जोर ओसरला असल्याने तेथील थर जवळजवळ आडवे आहेत. व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज हे गंधकयुक्त झऱ्यामुळे प्रसिद्धीस आलेले गाव पूर्वेकडील डेव्होनियन पट्ट्यात येते.

मधल्या पट्ट्याचा विचार अधिक विस्ताराने करावयास हवा. येथे मिसिसिपियन कालखंडातील, म्हणजे सुमारे ३५.९ ते ३२.३ कोटी वर्षांपूर्वीच्या अवधीतील खडक आहेत. त्यांच्या तळाशी मॅक्रेडी नावाचा लालसर शेल आहे. चिखल दाबला जाऊन तयार झालेला हा पापुद्र्यांचा खडक पाणी सहजासहजी झिरपू देत नाही. त्याच्यावर ग्रीनब्रायर समूहाचे चुनखडक पसरले आहेत. हिल्सडेल, सिंक्स ग्रोव्ह, पिकवे, युनियन व आल्डरसन ही त्यांतील चुनखडकांची प्रमुख नावे होत. त्यांच्या दरम्यान टॅगर्ड व ग्रीनव्हिल यांसारखे शेलचे पातळ थरही आहेत. समूहाची एकूण जाडी शेकडो फूट असून ती उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाते.

हे चुनखडक ज्या काळी साचले, त्या काळी हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेस, उथळ व उबदार समुद्राखाली होता. सागरी कमळे, शंखद्विपुटी प्राणी आणि शैवालजंतू यांच्या कवचांचा व सांगाड्यांचा चुरा तळाशी साठत गेला. काही थरांत लाटांनी घोळवलेले, माशाच्या अंड्यांसारखे दिसणारे वाटोळे कण आढळतात. स्वच्छ, हलत्या पाण्याची ती खूण आहे. पुढे नद्यांनी आणलेल्या लाल गाळाने समुद्र मागे सारला आणि चुनखडकावर मॉक चंक समूहाचे शेल व वालुकाश्म साचले. त्यांच्याही वर, पश्चिमेकडील उंच डोंगरांवर, पेन्सिल्व्हेनियन कालखंडातील कठीण वालुकाश्म आणि दगडी कोळशाचे थर आहेत. कोळशाच्या या पट्ट्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तो येथे बाजूस ठेवणे इष्ट.

या सर्व थरांचे पद्धतशीर वर्णन पॉल प्राइस व हेक यांनी राज्य भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या १९३९ च्या काउंटी अहवालात केले. स्थानिक लोकांना मात्र हा दगड त्यापूर्वी दीड शतक चांगला माहीत होता. लुइसबर्गमधील १७९६ चे जुने दगडी चर्च याच भागातील चुनखडकात बांधलेले आहे.

चुनखडकात पाणी कसे शिरते

पावसाचे पाणी हवेतील आणि विशेषतः मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्ल बनते. हे आम्ल वालुकाश्माचे फारसे काही बिघडवीत नाही. चुनखडकातील कॅल्शियम कार्बोनेट मात्र ते विरघळवून नेते. खडकातील बारीक भेगा रुंदावतात, रुंद भेगांतून अधिक पाणी जाते आणि अधिक पाण्याने त्या आणखी रुंदावतात. परिणामी एका भेगेची नाली व नालीची गुहा होते. पृष्ठभागावर बशीसारखे वा नरसाळ्यासारखे खळगे पडतात, त्यांना विलयविवरे म्हणतात. अशा भूरूपांच्या प्रदेशास कार्स्ट भूमी ही संज्ञा आहे.

ग्रीनब्रायरमधील विशेष हा की पश्चिमेकडच्या डोंगरांवरील वालुकाश्म व शेल यांवरून वाहत येणारे ओढे चुनखडकाच्या सीमेवर येईपर्यंत चुन्याने संपृक्त झालेले नसतात. त्यांची विरघळविण्याची शक्ती शाबूत असते. म्हणूनच ते चुनखडकाला भिडतात तेथेच पुष्कळदा जमिनीत गडप होतात. अशा एका ओढ्याला लोकांनी 'सिंकिंग क्रीक', म्हणजे बुडणारा ओढा, असेच नाव दिले आहे. खाली उतरलेले हे पाणी मॅक्रेडी शेलवर येऊन थबकते. त्याखाली उतरता येत नसल्याने ते शेलच्या माथ्यावरून, हिल्सडेल चुनखडकाच्या तळातून आडवे वाहू लागते. या भागातील अनेक मोठ्या गुहा नेमक्या याच संपर्करेषेवर कोरल्या गेल्या आहेत. भूजलाची दिशा ठरविण्यात वरच्या डोंगराच्या उतारापेक्षा खाली दडलेल्या शेलच्या उताराचा आणि घड्यांचा वाटा मोठा असतो, ही या साऱ्या विवेचनातील कळीची गोष्ट होय.

गुहांच्या आकाराची कल्पना यावी म्हणून दोनच उदाहरणे पुरेत. ग्रीनब्रायर व पोकाहाँटस या दोन काउंट्यांच्या सीमेवरील फ्रायर्स होल या गुहाजालाची मोजलेली लांबी ७० कि.मी.हून अधिक भरते. ऑर्गन केव्ह ही गुहाही त्याच मालिकेतील असून अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तेथील मातीतून बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढीत. त्यासाठी वापरलेले लाकडी हौद गुहेत आजही पाहावयास मिळतात.

सोऱ्याच्या या उद्योगानेच विज्ञानालाही एक देणगी दिली. १७९६ मध्ये कर्नल जॉन स्टुअर्ट यांनी या भागातील एका गुहेत सापडलेली मोठी हाडे व नखे टॉमस जेफरसन यांच्याकडे पाठविली. जेफरसन यांनी १० मार्च १७९७ रोजी फिलाडेल्फियातील अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे त्यांवरील निबंध सादर केला. आरंभी त्यांना तो सिंहासारखा प्रचंड श्वापद वाटला होता. तो वस्तुतः नामशेष झालेला जमिनीवरचा महाकाय स्लॉथ होता. पुढे त्याला मेगॅलोनिक्स जेफरसोनी हे नाव मिळाले. ती गुहा आजच्या मन्रो काउंटीत येत असावी, असे आता मानले जाते.

गुहांतील लवणस्तंभांचा उपयोग हवामानाचा इतिहास वाचण्यासाठीही होतो. बकाय क्रीक गुहेतील एका ऊर्ध्वमुखी लवणस्तंभाच्या अभ्यासावरून ग्रेगरी स्प्रिंगर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या प्रदेशातील सुमारे ७,००० वर्षांच्या अवर्षणांचा आलेख मांडला.

रंगाने उलगडलेला नकाशा

जमिनीत गेलेले पाणी कोठे निघते, हे तर्काने सांगता येत नाही. ते तपासावे लागते. यासाठी गडप होणाऱ्या ओढ्यात निरुपद्रवी, प्रदीप्त होणारे रंजकद्रव्य सोडतात आणि संभाव्य झऱ्यांत सक्रिय कोळशाच्या पुड्या टांगून ठेवतात. रंग आल्यास कोळसा तो धरून ठेवतो व प्रयोगशाळेत तो ओळखता येतो. विल्यम जोन्स यांनी ग्रीनब्रायर काउंटीत अशा चाचण्या घेऊन १९७३ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतून फोर्ट स्प्रिंगजवळच्या डेव्हिस स्प्रिंग या झऱ्याचे महत्त्व स्पष्ट झाले. मिलिगन क्रीकसारख्या ओढ्यांचे लुप्त झालेले पाणी येथे प्रकट होते. या एका झऱ्याला सुमारे १९० चौ. कि.मी. प्रदेशाचे पाणी मिळते, आणि तो राज्यातील सर्वांत मोठा झरा मानला जातो.

या आकड्याचा व्यावहारिक अर्थ लक्षात घेतला पाहिजे. वालुकाश्मात झिरपणारे पाणी कणांकणांमधून संथपणे गाळले जाते. चुनखडकाच्या नालीत ते जवळजवळ नदीच्या वेगाने वाहते, त्यामुळे ते गाळलेच जात नाही. एखाद्या शेतकऱ्याने सोयीसाठी विलयविवरात कचरा वा मेलेले जनावर टाकले, तर त्याची झळ कित्येक किलोमीटर दूरच्या, त्याने कधी न पाहिलेल्या विहिरीला बसू शकते. बॉयर व पास्क्वारेल यांनी १९९० च्या दशकात या भागातील कार्स्ट झऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा झऱ्याच्या पाणलोटात शेती व कुरणांचे प्रमाण जितके अधिक, तितके पाण्यातील नायट्रेट अधिक, असा सरळ संबंध त्यांना आढळला. गुरांवर ज्यांचा संसार चालतो त्यांना हा निष्कर्ष रुचणारा नव्हे. परंतु त्याच कुटुंबांच्या पिण्याचे पाणीही त्याच खडकातून येते.

पुराचा प्रश्न

२३ जून २०१६ रोजी या भागात अतिवृष्टी होऊन राज्यात २३ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुसंख्य ग्रीनब्रायर काउंटीतील होते. सर्वाधिक हानी झालेली व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज आणि रेनेल ही दोन्ही गावे चुनखडकाच्या पट्ट्याबाहेर, अनुक्रमे शेलच्या व कोळसाधारी वालुकाश्माच्या प्रदेशात आहेत. हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. जेथे खडक पाणी पोटात घेत नाही, तेथे ते अरुंद दऱ्यांतून पृष्ठभागावरूनच धावते. अर्थात एवढ्या पावसापुढे कोणताही खडक पुरा पडला असता असे नाही, आणि चुनखडकाचा प्रदेश पुरापासून मुक्त आहे असाही याचा अर्थ नव्हे. तेथे पूर वेगळ्या रीतीने येतो. खालच्या नाल्या तुडुंब भरल्या की विलयविवरे उलट दिशेने भरू लागतात आणि ओढा नसलेल्या कुरणात अकस्मात तळे साचते.

नेमक्या याच वेळी जमिनीखालील पाणलोटाच्या सीमाही सरकतात. उन्हाळ्यात कोरड्या राहणाऱ्या वरच्या मजल्यांवरील नाल्या पुराच्या पाण्याने जिवंत होतात, आणि एरवी एका झऱ्याकडे जाणारे पाणी काही तास दुसऱ्याच झऱ्याकडे वळू शकते. त्यामुळे उन्हाळ्यातील रंगचाचणीवरून आखलेला नकाशा पावसाळी दिवसांत लागू पडेलच असे नाही, आणि अशा चाचण्या कमी व अधिक अशा दोन्ही पाणीपातळ्यांवर घ्याव्या लागतात.